पाठमोरी रांग

वाक्य तसं साधंच होतं. चारचौघांत सहज बोललं जाणारं, आणि दुसऱ्या मिनिटाला सगळ्यांनी विसरून जावं असं. पण रविवारी सकाळी साडेनऊ वाजता, एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कवळीतला वरचा डावा सुळा मेणात बसवताना त्याच्या लक्षात आलं, की आपण उजवा सुळा उचललाय. आणि हे आज दुसऱ्यांदा झालंय. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. तापात काम केलं, आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी काम केलं, पण डावं-उजवं कधी चुकलं नाही. त्यानं सुळा चिमट्यात धरून पुन्हा खोक्यात टाकला, तो टणकन वाजला, आणि त्या आवाजानंही त्याचं डोकं उठलं. शहाणी. स्वतःला समजते काय? एक्स-रे काढायला शिकली म्हणजे माणसाच्या आतलं सगळं दिसायला लागतं की काय? आणि बोलायचं होतं तर घरी येऊन बोलायचं. पायऱ्यांवर उभं राहून, दहा लोकांसमोर, तेही त्याच्याकडे न बघता? "इथे काय वाईट आहे, या एका वाक्यानं या क्लबचं वाटोळं केलंय," असं त्याची मुलगी काल म्हणाली होती. बाकीच्यांना वाटलं क्लबविषयी बोलतेय. मास्तरांनी मान डोलावली, घड्याळजी हसला. ते वाक्य कुणाचं आहे, कधीचं आहे, कुठल्या खोलीत बोललेलं आहे, हे त्या दहा जणांत फक्त दोघांना ठाऊक होतं.

दुपारी चार वाजता सभा होती. फुटबॉल क्लब एका कंपनीच्या ताब्यात द्यायचा की नाही, यावर सभासदांनी हात वर करायचे होते, आणि 'देऊ नये' या बाजूनं बोलायचं काम रांगेनं त्याच्यावर सोपवलं होतं. रांग म्हणजे मैदानाच्या पूर्वेच्या पायऱ्यांवरची वरून तिसरी. तिथे चाळीस वर्षं तीच माणसं बसत आली होती. आधी अठरा होती, आता चार उरली होती. मास्तर पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे. घड्याळजीचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि किती मिनिटं उरली हे तो न विचारता सांगायचा. शिट्टी तरुणपणी रेफ्री होता. त्यानं एकदा आपल्याच क्लबविरुद्ध पेनल्टी दिली होती आणि त्याबद्दल तो अजून शिव्या खात होता. चौथा हा, कवळीवाला. त्यांच्या मागच्या पायरीवर गेली वीस वर्षं त्याची मुलगी बसायची. लहान होती तेव्हा घसरू नये म्हणून त्यानं तिला मागे बसवलं होतं. पुढे तिनं शहरातच वेगळी खोली घेतली, नोकरी लागली, बोलणं कमी झालं, तरी दर शनिवारी ती तिथे येऊन बसायची. आठवड्यातली त्यांची भेट तेवढीच. दोघंही समोर बघायचे, त्यामुळे बोलायची गरज पडायची नाही, आणि हे त्याला बरं वाटायचं. खरं तर फारच बरं वाटायचं.

त्यानं मेण पुन्हा तापवलं. ही कवळी ज्या बाईची होती ती रात्री दात खात असणार. जुन्या कवळीच्या दाढा तिनं घासून सपाट केल्या होत्या. माणूस दिवसभर किती गोड बोलतो त्यावर जाऊ नये, दाढा बघाव्यात, असं तो नेहमी म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या दाढांबद्दल डॉक्टर काय म्हणाले होते ते मात्र त्यानं घरी कुणाला सांगितलं नव्हतं. काल सामना बरोबरीत सुटला होता. एक-शून्यनं पुढे होते, आणि अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नरवरून समोरच्यांनी गोल घातला, अगदी नेहमीसारखा. ज्या पोरानं आपला गोल मारला होता तोही पुढच्या मोसमात राहणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. वर्षातून एक तरी पोरगा असा निघतो, पाय थरथरत नाहीत त्याचे, आणि जरा मिसरूड फुटलं की मोठ्या क्लबचा माणूस येतो आणि घेऊन जातो. त्याच्या बदल्यात छपराची डागडुजी होते. सामना संपल्यावर पायऱ्यांवर वाद पेटला तो यावरूनच.

"आपण रोपवाटिका आहोत," मुलगी म्हणाली. "दुसऱ्यांच्या बागेसाठी."

"रोपवाटिका असणं काय वाईट?" मास्तर म्हणाले.

"वाईट काहीच नाही हो. पण मग शनिवारी येऊन रडायचं कशाला? रोपं विकली गेली म्हणून माळी रडतो का?"

"आणि ती कंपनी काय करणार?" शिट्टी तावातावानं म्हणाला. "नदीपलीकडच्यांचं काय झालं बघितलंस ना? मालक आला, तीन मोसम नाचला, आणि कंटाळा आला तसा निघून गेला. आता त्या मैदानाला कुलूप आहे. कुलूप! पोरं कुंपणावरून उड्या मारून आत जातात खेळायला."

"आपलं तरी काय होणारे? ही रांग बघा. मी सात वर्षांची होते तेव्हा इथे अठरा जण होते. अजून दहा वर्षांनी कोण बसणारे इथे? सहा वर्षांत पहिल्या श्रेणीत नेतो म्हणतायत. नेतील, नाही नेणार. पण निदान कुणीतरी म्हणतंय तरी. आपल्यातल्या कुणी कधी म्हटलंय, की वर जाऊ या?"

"मैदान शहराबाहेर नेणार ते," तो तेव्हा पहिल्यांदाच बोलला होता. त्याला शांतपणे बोलायचं होतं आणि आवाज चढलाच. "हे पाडणार. या पायऱ्या पाडणार. तिकडे वीस मैलांवर काचेचा डबा बांधणार, आणि त्यात बसून तू काय बघणार आहेस? हे आपलं आहे. जसं आहे तसं आहे."

त्यावर तिनं ते वाक्य टाकलं. 'इथे काय वाईट आहे.' आणि पर्स खांद्याला लावून पायऱ्या उतरून निघून गेली. तो तिच्या पाठीकडे बघत राहिला, आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तो अजून झालेलाच होता.

तेरा वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात, टेबलाच्या या बाजूला तो आणि त्या बाजूला ती, मध्ये एक पत्र. चौदा वर्षांची होती. मैदानावर तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती चेंडू घेऊन अशी गर्रकन वळायची, की समोरची मुलगी उगाच दोन पावलं भलतीकडे जायची. देशाच्या दुसऱ्या टोकाला मुलींचं निवासी प्रशिक्षण केंद्र निघालं होतं. तिथल्या एक बाई शहरातल्या शाळांचा अंतिम सामना बघायला आल्या होत्या, आणि आठ दिवसांनी पत्र आलं. राहणं, शाळा, खेळणं, सगळं तिकडेच. पालकांनी खाली सही करायची, होय किंवा नाही यावर खूण करायची. त्यानं पत्र दोनदा वाचलं. मग तो म्हणाला, "इथे काय वाईट आहे? इथेही मैदान आहेच. बघू पुढच्या वर्षी." तिची आई ओट्यापाशी उभी होती. तिनं नवऱ्याकडे जे बघितलं ते त्यानं कानामागे टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी इथेच, या कामाच्या टेबलावर, मेणाच्या डागाशेजारी पत्र ठेवून त्यानं 'नाही'वर खूण केली, सही केली, आणि स्वतः जाऊन पेटीत टाकून आला. पुढच्या वर्षी पत्र आलं नाही. पुढच्या वर्षी पत्र येणार नाही हे त्याला खूण करतानाच ठाऊक होतं का? हा प्रश्न त्यानं स्वतःला कधी विचारला नव्हता, आणि आज तो आपण होऊन विचारला गेला याचाही त्याला राग आला. एका माणसानं एका दिवशी एक निर्णय घेतला. बाप होता तो. बापानं निर्णय घ्यायचे नाहीत तर कुणी घ्यायचे? आणि तेरा वर्षं होऊन गेली. सतराव्या वर्षी तिनं खेळणं सोडलं, ते काही त्यानं सांगितलं म्हणून नव्हे. ती आपणहोऊन सोडून मोकळी झाली, अभ्यास केला, चांगली नोकरी आहे, लोक तिला ताई म्हणतात, श्वास रोखा म्हटलं की श्वास रोखतात. काय वाईट झालं?

हे मनात आलं आणि त्यानं चिमटा खाली ठेवला. पुन्हा तेच वाक्य. तोंडात बसलंय ते, नको त्या जागी बसवलेल्या दातासारखं.

बायको दारात येऊन उभी राहिली होती. कामाची खोली घराला लागूनच होती, मध्ये फक्त एक पडदा. "जेवायला या. आणि रविवारी काम कशाला काढलंत?"

"बाईंना उद्या द्यायचीय."

"बाई परवा येणारेत. मीच दिवस दिलाय त्यांना." तिनं त्याच्या हातातलं काम बघितलं. "काल काय झालं?"

"काय व्हायचंय. तुझी लेक दहा माणसांत अक्कल शिकवत होती."

"माझी," ती म्हणाली. "काही बिनसलं की ती माझी होते. अहो, तुमचं आणि तिचं काय ते एकदा बोलून टाका ना. त्या क्लबच्या आडून किती दिवस भांडणार?"

"क्लबविषयीच चाललंय."

"हं," ती म्हणाली आणि पडदा सोडून गेली. तिच्या त्या 'हं'नं तो असा पेटला की कवळी तशीच सोडून उठला.

मैदानाकडे जाताना तो मनातल्या मनात भाषण जुळवत होता. नदीपलीकडच्या क्लबचं कुलूप, कंपन्यांचा कंटाळा, चाळीस वर्षं, ही जागा. मुद्दे चांगले होते, पण प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी तो कुणाशी बोलत होता ते त्याला कळायचं, आणि मुद्दा सुटायचा. वाटेत शाळेचं मैदान लागलं. ते नेहमीच लागायचं, आणि तो नेहमी पलीकडच्या फुटपाथनं जायचा, कारण तिकडे सावली असते. आज सावलीचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. कुंपणाच्या जाळीपाशी तो थांबला. याच मैदानावर तो अंतिम सामना झाला होता, आणि त्या सामन्याबद्दल त्यानं आयुष्यात कुणालाही जे सांगितलं नव्हतं ते त्याला इथे उभं राहून आठवणं भागच होतं.

रांगेची एक रीत होती. कुणी सुरू केली कुणालाच आठवत नव्हतं. आपला क्लब पुढे असला, की शेवटची पाच मिनिटं रांग उठायची आणि मैदानाकडे पाठ करून उभी राहायची. बघितलं की गोल खातात, म्हणून बघायचं नाही. बाकीचे पायऱ्यांवरचे लोक हसायचे, पाहुण्या क्लबचे लोक फोटो काढायचे, पण रांग हलायची नाही. घड्याळजी हळू आवाजात मिनिटं मोजायचा. अठरा माणसं, पुढे बारा, पुढे सात, मग चार. काल ते चौघं पाठमोरेच उभे होते तेव्हा तो कॉर्नर झाला. रीत चालायची म्हणजे काय, तर त्यामुळे क्लब जिंकायचा असं मुळीच नव्हतं; पण न बघितल्यामुळे हरलो असं तरी कुणी म्हणू शकायचं नाही. आणि पाठ फिरवली की समोर मागची पायरी यायची. तिथे ती बसलेली असायची. सामन्याचा शेवट तो वर्षानुवर्षं तिच्या तोंडावर बघत आला होता. सात वर्षांची, दात पडलेली, मुठी आवळलेली. चेंडू आपल्या गोलपाशी आला की ती खालचा ओठ आत घ्यायची. धोका टळला की ओठ सुटायचा. त्याला मैदान बघायची गरजच नव्हती. इतकं कुणाचं तोंड त्यानं आयुष्यात निरखलं नव्हतं, बायकोचंही नाही.

त्या अंतिम सामन्यात तिचा संघ एक-शून्यनं पुढे होता. कुंपणापलीकडे, आत्ता तो उभा होता त्याच्या समोरच्या कडेला, पालक उभे होते. मास्तर आणि घड्याळजीही आले होते. पाच मिनिटं उरली तसा घड्याळजी पुटपुटला, "पाच." आणि त्या तिघांनी पाठ फिरवली. त्याच्या मनात दुसरा विचारही आला नाही. आपली पोर, तिच्यासाठी करता येण्यासारखी एकच गोष्ट त्याच्या हातात होती ती त्यानं केली, आणि सगळा जीव कानात आणून उभा राहिला. समोर शाळेची भिंत होती. भिंतीला तोंड नव्हतं. मग मागे एकदम गलका झाला, मास्तर "गेला! गेला!" असं ओरडून वळले, आणि तो वळला तेव्हा मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या आणि चेंडू जाळीत होता. कुणी मारला? "तुझ्या भिंगरीनं!" कसा मारला? ते मास्तरांनाही सांगता येईना. संध्याकाळी घरी तो म्हणाला होता, "काय गोल मारलास!" आणि ती मान खाली घालून जेवत राहिली. दमली असेल, असं त्याला वाटलं. मोठ्या लोकांना जे वाटून घ्यायचं असतं ते किती सहज वाटून घेता येतं. आणि आठ दिवसांनी पत्र आलं. त्या बाईंनी तो गोल बघितला होता. सगळ्या मैदानानं बघितला होता. एकटा बापच तेवढा भिंतीकडे बघत होता.

सभा पायऱ्यांखालच्या हॉलमध्ये होती. दीडशे माणसं, खुर्च्या शंभर. कंपनीचा माणूस आधी बोलला. त्यानं पडद्यावर नवं मैदान दाखवलं, त्यात खोटी झाडं आणि खोटी माणसं होती, सगळी तरुण. बोलताना तो सारखा हसत होता, आणि कवळीवाल्याला लगेच कळलं की याचे वरचे पुढचे सहा दात त्याचे नाहीत. काम चांगलं होतं, पण जरा जास्तच पांढरं. दीर्घकालीन दृष्टी, असं तो माणूस पाच वेळा म्हणाला. मग शिट्टीनं कुलपाचा मुद्दा मांडला, कुणीतरी त्याला तीस वर्षांपूर्वीच्या पेनल्टीची आठवण करून दिली, हशा पिकला. एक बेकरीवाला उठून म्हणाला, की माझा मुलगा दर शनिवारी मोठ्या क्लबचा सामना टीव्हीवर बघतो आणि इथे यायला लाजतो, त्याला मी काय सांगू ते या रांगेनं मला सांगावं. हॉलमध्ये गरम होत होतं. मग ती उठली.

"मी थोडक्यात बोलते," ती म्हणाली. आवाज अगदी कामावरचा, श्वास रोखा म्हणणारा. "कंपनी चांगली आहे असं मी म्हणत नाही. ते उद्या निघूनही जातील. पण आपल्याला वर जायचंच नाहीये, हे आधी कबूल करा. आपल्याला हरण्याची भीती नाही वाटत, त्याची आपल्याला सवय आहे. आपण पुढे असलो की आपली पाचावर धारण बसते. आपली ती पूर्वेची रांग बघा. आपण जिंकत असतो तेव्हा ती माणसं पाठ फिरवतात. तुम्हाला ती गंमत वाटते. खाली खेळणाऱ्याला काय वाटतं कधी विचारलंत?" ती थांबली. "मी खेळलेय. मला माहीतेय. तुम्ही जीव तोडून धावताय, गोल मारता, वर बघता, आणि ज्यानं बघावं असं वाटतं त्याची पाठ दिसते. तेव्हा वाटतं, त्याला आधीच माहीत होतं. आपल्याला जमणार नाही हे त्याला आधीच माहीत होतं, म्हणून तो बघतही नाहीये. एवढंच."

ती बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही जण रांगेकडे बघून हसले. त्याचे कान तापले. तिनं बघितलं होतं. वळून आधी तिनं त्याच्याकडेच बघितलं होतं. तेरा वर्षं ती हे घेऊन बसली होती, त्याच्या मागच्या पायरीवर, दर शनिवारी. आणि तो तिच्या तोंडावर सामने बघत होता, आणि त्याला हे एवढं दिसलं नाही. त्याला लाज वाटायला हवी होती. लाज वाटलीही असेल कुठेतरी तळाशी. पण वर आला तो संतापच. न विचारता तिनं एवढं सगळं ठरवून टाकलं? त्याच्या पाठीचा अर्थ तिनं परस्पर लावला, आणि आता तो दीडशे माणसांत वाटून टाकला? अध्यक्षांनी त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो इतक्या जोरात उठला की खुर्ची मागे पडली.

"पाठ फिरवतो!" तो म्हणाला. जुळवलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं होतं. "हो, फिरवतो. चाळीस वर्षं फिरवतोय. तुम्हाला काय वाटतं, मला बघायचं नसतं? अरे, ज्याला बघायचं नसतं तो घरी जातो! तिकडे पश्चिमेकडून ऐंशीव्या मिनिटाला उठून जातात लोक, गाडी मिळावी म्हणून, त्यांना कुणी काही म्हणत नाही. आम्ही जात नाही. आम्ही तिथेच उभे राहतो. जगात सगळ्यात जास्त जे बघावंसं वाटतं, ते आम्ही बघत नाही, कारण आमच्या बघण्यानं ते मोडू नये. मूर्खपणा आहे. मान्य. पण त्याला तुम्ही विश्वास नव्हता म्हणू नका! माझ्या तोंडावर येऊन कुणीही ते म्हणू नका!" त्याचा आवाज फाटला. "आणि हे साहेब. हे दीर्घकाळ म्हणतात. चाळीस वर्षं म्हणजे काय असतं ते यांना मी सांगतो. अठरातले चौदा गेले आमचे. तुम्ही सहा वर्षांचं बोलताय."

आणखीही तो काय काय बोलला. नंतर त्याला ते आठवलं नाही. मास्तर रडत होते एवढं त्याला दिसलं. बसला तेव्हा सगळा हॉल उभा होता. बेकरीवालासुद्धा टाळ्या वाजवत होता. कंपनीच्या माणसाचं हसू तोंडावरून गेलं नव्हतं, पण मागे सरकलं होतं. हात वर झाले. मोजायचीही वेळ आली नाही. क्लब होता तिथेच, होता तसाच राहणार होता. घड्याळजीनं त्याला मिठी मारली, शिट्टीनं दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. तिचा हात एकटाच पलीकडे, कंपनीच्या बाजूनं वर होता, आणि बाकीचे हात खाली आल्यावरही ती तो लगेच खाली घेईना.

ती बाहेरच्या बोळात थांबली होती. तिथे रंगाचे डबे आणि कोपऱ्यावरच्या झेंड्याची मोडकी काठी पडलेली होती. तो येईल हे तिला माहीत असावं, किंवा नसावंही. तो समोर येऊन उभा राहिला. मनात त्याच्या अजून टाळ्या होत्या, आणि त्याला वाटलं, आता तिला कळलं असेल, आता काही सांगायचं उरलं नाही.

"चांगलं बोललात," ती म्हणाली.

"खरं तेच बोललो."

"हो. खरं होतं. मला ते कळलं." तिनं खालचा ओठ आत घेतला आणि सोडला. "मला खरंच माहीत नव्हतं, बाबा. मला वाटायचं की... जाऊ दे. मग मला एकच सांगा. तुमचा विश्वास होता, तर पत्राला 'नाही' का म्हणालात?"

त्याच्याकडे उत्तरं होती. तेरा वर्षांत चार-पाच उत्तरं त्यानं तयार ठेवली होती: आईची तब्येत, एवढं अंतर, एवढीशी पोर, कोण बाई कुठली. सगळी चांगली होती, कुठलंही चाललं असतं. किंवा त्यानं म्हटलं असतं, की हो, मला वाटलं होतं तुला जमणार नाही. ते तिनं पचवलेलंच होतं. पण तो अजून हॉलमधल्या आवेशातच होता; खरं बोलण्याची चव त्याच्या तोंडात होती, आणि त्याच भरात तो बोलून गेला.

"कारण तुला जमलं असतं," तो म्हणाला. "तू गेली असतीस तर परत आली नसतीस. मास्तर ओरडले तेव्हाच मला कळलं होतं. गोल बघायचीही गरज नव्हती. तू कच्ची असतीस ना, तर मी पाठवलं असतं तुला. चार महिन्यांत घरी आली असतीस."

हॉलमधून पुन्हा टाळ्यांचा आवाज आला. तिचं तोंड त्याच्या समोर होतं, दोन हातांवर, आणि त्यावर त्याला काहीच वाचता येईना.

"सतराव्या वर्षी मी बूट देऊन टाकले," ती म्हणाली. अगदी हळू. "शेजारच्या मुलीला. मी कच्ची आहे म्हणून. मी दहा वर्षं स्वतःला समजावलं, बाबा, की मी कच्ची होते, त्यात काही नाही, सगळेच कुठे पक्के असतात. मला ते जमलं होतं. मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं." मग तिचा आवाज चढला. तो हुबेहूब त्याचा आवाज होता, मघाशी दीडशे माणसांना उभं करणारा. "तुम्ही मला कच्ची समजत होतात तेच बरं होतं! का सांगितलंत? आता मी काय करू याचं? सांगा ना. काय करू?"

ती निघून जाईल असं त्याला वाटलं. जाऊ दे, असंही वाटलं. ती गेली असती तर तो रागावू शकला असता. पण ती गेली नाही. पर्सचा पट्टा मुठीत आवळून ती तिथेच उभी राहिली, त्याच्या डोळ्यांत बघत, त्याच्या उत्तराची वाट बघत.